निकोडेमस : कोरडवाहू माळावरचे एक अमेरिकी गाव

अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ निकोडेमस नावाचे एक गाव आहे. तिथे आज कायमच्या वस्तीला जेमतेम वीस-पंचवीस माणसे असतील. गावात शाळा भरत नाही आणि टपाल कचेरी १९५३ मध्येच बंद झाली. तरीही १९९६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी यादवी युद्धानंतरच्या काळात मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला ज्या वसाहती उभ्या केल्या, त्यांतली आजवर टिकून राहिलेली सर्वांत जुनी वसाहत म्हणून हा मान त्याला मिळाला.

या गावाची आणि माझी ओळख ज्वारीमुळे झाली. आमची शेती मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. मालदांडी ज्वारी, परतीच्या पावसाची ओल आणि थंडीतले दव यांवर आमच्या कित्येक पिढ्या जगल्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा हे धान्य जगात आणखी कुठे पिकते याविषयी मी वाचू लागलो. अमेरिकेतल्या एकूण ज्वारीपैकी निम्म्याच्या आसपास ज्वारी एकट्या कॅन्सस राज्यात पिकते. तिथे तिला माइलो म्हणतात. तिची भाकरी कोणी करत नाही. ती जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलच्या कारखान्यांना आणि निर्यातीला जाते. ज्वारीचे मूळ ईशान्य आफ्रिकेत आहे. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली, आणि पुढे गुलामांच्या व्यापाराच्या जहाजांबरोबर अटलांटिक ओलांडून अमेरिकेतही पोहोचली. ज्या माणसांना साखळदंडांत बांधून नेले, त्यांच्याबरोबरच त्यांचे धान्यही गेले. हे वाचत असतानाच कॅन्ससच्या माळावर त्या माणसांच्या वंशजांनी स्वतःच्या मालकीचे एक गाव वसवले होते, असा उल्लेख माझ्या नजरेस पडला आणि मग ज्वारी बाजूला राहिली.

हवामानाचे साम्य आधी सांगतो, कारण त्यावाचून पुढचा इतिहास नीट कळत नाही. सोलापूरचा वार्षिक सरासरी पाऊस साधारण ५४५ मिलिमीटर आहे. निकोडेमसच्या परिसरातला पाऊसही त्याच्या जवळपासच आहे. दोन्हीकडे ही सरासरी कागदावरच बरी दिसते, कारण एक वर्ष भरपूर देते आणि पुढची दोन वर्षे कोरडी जातात. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने १८७८ मध्ये अमेरिकी सरकारला दिलेल्या अहवालात शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताच्या आसपास एक सीमा दाखवली होती. तिच्या पलीकडे वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो, तिथे पाण्याच्या सोयीवाचून शेतीचा भरवसा धरता येत नाही आणि पूर्वेकडच्या ओल्या मुलखासाठी ठरवलेला १६० एकरांचा तुकडा अशा जमिनीवर कुटुंब पोसू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. निकोडेमस या रेखावृत्ताच्या अगदी लगत, थोडेसे पूर्वेला आहे. पॉवेलचा अहवाल आला तेव्हा तिथे लोक येऊन राहिलेही होते.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमिनीचे १६० एकर नाममात्र शुल्कावर मिळू शकत होते. अट एवढीच होती, की त्या जमिनीवर पाच वर्षे राहायचे आणि ती कसायची. १८७७ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांतून उरलेसुरले केंद्रीय सैन्य मागे घेण्यात आले आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना यादवी युद्धानंतर मिळालेले थोडेफार संरक्षणही संपले. मत द्यायला गेले तर मार, आणि वाट्याने केलेल्या शेतीत मालकाच्या वहीतले कर्ज कधी फिटायचे नाही. त्याच वर्षी डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-प्रवर्तक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी इतर काही कृष्णवर्णीय सहकाऱ्यांसह निकोडेमस टाउन कंपनी स्थापन केली. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउनच्या परिसरात, चर्चमधून आणि छापील पत्रकांतून, कॅन्ससच्या सुपीक जमिनीचा आणि स्वतःच्या गावाचा प्रचार झाला. कॅन्सस हे नावच त्या लोकांसाठी मोठे होते, कारण १८६१ मध्ये ते गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले होते आणि गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन तिथेच लढला होता.

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीहून तीनशेहून अधिक माणसे आगगाडीने एलिस या स्थानकापर्यंत आली आणि तिथून सामान घेऊन माळ तुडवत निकोडेमसला पोहोचली. पत्रकातले गाव तिथे नव्हते. झाडे नव्हती, लाकूड नव्हते आणि घर म्हणावे असे जमिनीच्या वर काहीही नव्हते. संतापलेल्या लोकांपासून हिलला जीव वाचवत लपावे लागले, असे सांगतात. बरीच कुटुंबे आल्या पावली परत फिरली. ज्यांच्याकडे परतीच्या भाड्याचे पैसे उरले नव्हते ती राहिली, आणि ज्यांना केंटकीत परत जायचेच नव्हते तीही राहिली.

पुढच्या वसंतात डॅनिअल हिकमन या धर्मोपदेशकाची मंडळी आली. एलिसच्या मुक्कामी त्यांच्यात गोवराची साथ शिरली आणि काही लेकरे तिथेच दगावली. त्यांच्या पत्नी विलियाना हिकमन यांनी उतारवयात सांगितलेली आठवण या गावाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उद्धृत केली जाते. बरोबरच्या पुरुषांनी समोर बोट दाखवून निकोडेमस आले म्हणून सांगितले, तेव्हा त्यांना गाव दिसेना. त्यांनी विचारले, कुठे आहे? तेव्हा त्यांना जमिनीतून वर येणारा धूर दाखवण्यात आला. माणसे जमिनीत खोदलेल्या बिळांसारख्या घरांत राहत होती. ते पाहून विलियाना यांना रडू कोसळले.

हा प्रसंग वाचताना मला आमच्या जुन्या वाड्यातले पेव आठवले. ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत खोल खोदलेले, तोंड अरुंद आणि पोट मोठे असलेले ते पेव उघडले, की आतला कोंडलेला वायू जाईपर्यंत कोणाला उतरू देत नसत. धान्यासाठी केलेल्या अशा जागेसारख्या जागेत बायकामुलांनी हिवाळा काढायचा, तोही कॅन्ससचा बर्फाचा हिवाळा, ही कल्पना आमच्याकडच्या वाचकाला सहज करता येईल. ही घरे उतारात किंवा सपाट जमिनीत खणलेली असत. भिंती मातीच्या, आणि वर थोडी लाकडे, गवत व मुळांसकट कापलेली माती यांचे छप्पर. आमच्याकडचे माळवदही मातीचेच असते, पण त्याला खाली सागवानाच्या किंवा लिंबाच्या तुळया मिळतात. निकोडेमसच्या माळावर तुळईजोगे झाड नदीकाठ सोडला तर कुठेच नव्हते. (मराठी वाचकांना परिचित असलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हेही १८८६ मध्ये याच कॅन्ससमध्ये, दक्षिणेकडच्या नेस काउंटीत जमीन घेऊन मातीच्या घरात राहिले होते. ते निकोडेमसचे नव्हते, पण ते कसले जगणे होते याचा अंदाज यावरून यावा.)

पहिला हिवाळा कसा निघाला, याविषयी गावात पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगितली जाते. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्याकडचे मांस या उपाशी लोकांना दिले. ज्यांची स्वतःची भूमी सरकारने काढून घेतली होती, त्यांनी ते दिले, याची नोंद मला फार मोलाची वाटते. त्याच शरद ऋतूत हेन्री विल्यम्स हे निकोडेमसमध्ये जन्मलेले पहिले मूल ठरले. सरपण म्हणून माळावर वाळलेले रानगव्यांचे शेण आणि सूर्यफुलाची धाटे जाळत. गोवऱ्या आणि तुराट्यांवर चूल पेटवणाऱ्या आमच्या बायकांना यात नवल वाटणार नाही. माळावर विखुरलेली रानगव्यांची हाडे गोळा करून रेल्वेच्या स्थानकावर विकणे, हा त्या काळी कॅन्ससच्या गरिबांचा रोकड मिळवण्याचा एक मार्ग होता. पुरुष कामासाठी लांब रेल्वेच्या रस्त्यांवर जात आणि घरची जमीन बायका सांभाळत. सुरुवातीला वस्तीत घोडे मोजकेच होते. कुदळ-फावड्याने जमीन फोडली गेली, आणि एका घरी तर दुभती गायच नांगराला जुंपली, असे सांगतात. ज्या गवताची मुळे हजारो वर्षे जमिनीत गुंतली होती, ते रान हाताने मोडणे म्हणजे काय, हे हरळी काढलेल्या माणसालाच कळेल.

१८७७ या वर्षाकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता आणि मुंबई इलाख्यातल्या ज्या जिल्ह्यांना त्याचा सर्वाधिक फटका बसला त्यांत सोलापूर होते. तलाव, रस्ते आणि खडीच्या कामांवर लोक तुटपुंज्या मजुरीवर राबत होते, हजारो माणसे जिल्हा सोडून जात होती. एकरुख तलाव नुकताच, १८७१ मध्ये पूर्ण झाला होता, म्हणून शहराला थोडा आधार होता. ज्या वर्षी आमच्या पूर्वजांची गावे रिकामी होत होती, त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पावसाच्या माळावर माणसे गाव वसवायला निघाली होती. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी कोरडवाहू मुलखाचा इतिहास लिहिताना त्या शेजारी ठेवाव्यात असे मला वाटते.

१८८० च्या दशकात निकोडेमसने खरोखर बाळसे धरले. १८८० च्या सुमारास गाव आणि भोवतालची वस्ती मिळून अडीचशेहून अधिक कृष्णवर्णीय आणि पन्नासहून अधिक गोरे लोक होते. पुढच्या काही वर्षांत चांगला पाऊस झाला, जमिनीखालची घरे मागे पडली आणि स्थानिक चुनखडीच्या दगडाची घरे व दुकाने उभी राहिली. झकरी फ्लेचर यांनी टपाल कचेरी सांभाळली आणि सेंट फ्रान्सिस नावाचे हॉटेल काढले. त्यांच्या पत्नी जेनी यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. किराणा दुकाने होती, एक बँक होती, चर्चे होती. ‘वेस्टर्न सायक्लोन’ हे वृत्तपत्र १८८६ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ‘निकोडेमस एंटरप्राइज’. वाङ्मय मंडळ भरत असे, बेसबॉलचा संघ होता. वीस-बावीस वर्षांपूर्वीपर्यंत गुलामगिरीत ज्यांना सहसा अक्षर ओळखू दिले जात नव्हते, अशा लोकांच्या गावात दोन वृत्तपत्रे चालत होती.

एडवर्ड मॅककेब हे या गावातून पुढे आलेले सर्वांत मोठे नाव. ते १८७८ मध्ये आले, जमिनीच्या व्यवहारांत आणि कायदेकानूत लोकांना मदत करू लागले आणि १८८० मध्ये ग्रॅहम काउंटी संघटित झाली तेव्हा राज्यपालांनी त्यांना तिचे तात्पुरते कारकून नेमले. १८८२ मध्ये ते कॅन्सस राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. राज्यस्तरावरच्या पदावर निवडून आलेले ते कॅन्ससचे पहिले कृष्णवर्णीय होते. पुढे ते ओक्लाहोमाला गेले आणि तिथे लँग्स्टन हे कृष्णवर्णीयांचे गाव उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ज्याने गावाला मोठे केले तोच पुढे गाव सोडून गेला, यात मला दोष दिसत नाही. लहान गावातून तयार झालेली कर्तृत्ववान माणसे मोठ्या कामाकडे जाणारच.

गावाचा कणा मोडला तो रेल्वेने, म्हणजे न आलेल्या रेल्वेने. गावात लोहमार्ग यावा म्हणून १८८७ मध्ये निकोडेमसच्या मतदारांनी मिसूरी पॅसिफिक कंपनीसाठी सोळा हजार डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. मातीच्या बिळांतून नुकत्याच वर आलेल्या लोकांसाठी ही रक्कम केवढी होती, याचा विचार करावा. कंपनी आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचा मार्ग झाला तो नदीच्या दुसऱ्या काठाने, काही मैलांवरून, आणि तिथे कामगारांच्या छावणीतून बोग हे गाव उभे राहिले. व्यापाऱ्यांनी दुकाने तिकडे हलवली, काहींनी तर इमारतीच उचलून नेल्या. वृत्तपत्रे बंद पडली. हिलने आपल्या नावाने वसवलेले हिल सिटी हे काउंटीचे मुख्य ठिकाण झाले.

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला आणि त्यावर पुढे सूतगिरण्या उभ्या राहिल्या. कुर्डुवाडी हे गाव तर रेल्वेनेच घडवले. मुख्य मार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला होता. पण बार्शी ही त्या काळची मोठी बाजारपेठ असल्याने १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ तिच्यापर्यंत आला, पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला गेला. बार्शीच्या मागे व्यापाऱ्यांचा पैसा होता. निकोडेमसच्या मागे असा पैसा नव्हता, आणि त्या वर्णद्वेषाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या गावासाठी कोणी राजकीय वजन खर्च करणारेही नव्हते. मार्गाच्या आखणीत वर्णाचा वाटा नेमका किती, हे ठरवणे अभ्यासकांचे काम आहे. परिणाम मात्र उघड आहे.

यानंतर निकोडेमस नगर राहिले नाही, पण शेतकऱ्यांचे गाव म्हणून ते जगत राहिले. याच भागाविषयी मला अधिक आस्था आहे, कारण इतिहासाच्या नोंदी बहुधा स्थापनेपाशी सुरू होतात आणि रेल्वेपाशी संपतात. १९०७ मध्ये दगडी बाप्टिस्ट चर्च उभे राहिले, १९१८ मध्ये नवी शाळा झाली. हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, बर्फाखाली तो तग धरतो, आणि जूनच्या अखेरीपासून त्याची काढणी करायची. कॅन्ससमध्ये हा कणखर गहू १८७४ मध्ये रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांनी आणला होता. माइलो, गुरे, कोंबड्या, परसातला भाजीपाला, रविवारी चर्च, शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांशी अवजारांची देवघेव आणि बोगच्या गुदामावर धान्याची विक्री, असे त्यांचे वर्ष जाई. मग १९३० च्या दशकातली धुळीची वादळे आली. नांगरून उघडी पाडलेली जमीन दुष्काळात वाऱ्याबरोबर उडाली, भाव आधीच पडलेले होते, आणि कुटुंबे डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी आणि पार कॅलिफोर्नियाकडे निघाली. १९३९ मध्ये सरकारच्या बेरोजगार-कामाच्या योजनेतून गावात चुनखडीचे टाउनशिप सभागृह बांधले गेले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि पाझर तलावांची माती वाहून जगलेली आमच्या मागची पिढी, हे सभागृह पाहताच त्याचे मर्म ओळखेल. आज अभ्यागतांचे स्वागत त्याच सभागृहात होते.

पाण्याइतकेच कर्जानेही तिथल्या शेतकऱ्याला पिळले. १९२० मध्ये संपूर्ण अमेरिकेत नऊ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ती संख्या पन्नास हजारांच्या आसपास आली आहे. सरकारी शेतीकर्ज देताना कृष्णवर्णीयांशी भेदभाव केल्याबद्दल त्यांनी कृषी खात्यावर दावा लावला होता आणि १९९९ मध्ये त्यात मोठी तडजोड झाली. निकोडेमससारख्या गावाची लोकसंख्या नुसत्या दुष्काळाने घटली, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

आणि तरीही दरवर्षी जुलैच्या अखेरच्या आठवड्यात हे गाव भरते. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी १८३४ च्या १ ऑगस्टला संपली, त्या दिवसाच्या स्मरणार्थ पूर्वी इथे मुक्तिदिन साजरा होत असे. नदीकाठच्या राईत खाणेपिणे, बेसबॉल आणि पाळणे असत, आणि आसपासचे गोरे लोकही येत. त्याचेच आजचे रूप म्हणजे ‘होमकमिंग’. गव्हाची सुगी उरकलेली असते. देशभर पांगलेल्या कुटुंबांतली शेकडो माणसे येतात, मिरवणूक निघते, एकत्र जेवणे होतात, नातवंडांना पूर्वजांच्या थडग्यांपाशी नेतात, रविवारी प्रार्थना होते. त्यातल्या कित्येकांचा जन्म या गावात झालेला नसतो, तरी विचारले तर ते स्वतःला निकोडेमसचेच म्हणवतात. पुण्या-मुंबईत दोन पिढ्या राहूनही ग्रामदैवताच्या यात्रेला पालखीपुढे चालायला येणारी आमच्याकडची माणसे हेच करतात. म्हणून जनगणनेतला आकडा पाहून निकोडेमस संपले असे लिहिणारे लेख वाचले, की मला ते पटत नाहीत. जनगणना त्या रात्री तिथे झोपलेली माणसे मोजते. जमिनीचे खाते, थडगी आणि नाती ज्यांची तिथे आहेत, त्यांची मोजदाद तिच्यात येत नाही.

केवळ आठवणीवर मात्र गाव चालत नाही, हेही तितकेच खरे. व्हेरिल स्विट्झर यांचे उदाहरण म्हणून मला महत्त्वाचे वाटते. ते १९३२ मध्ये निकोडेमसमध्ये जन्मले, कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून अमेरिकी फुटबॉल खेळले आणि १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या नामांकित व्यावसायिक संघाने त्यांना पहिल्याच फेरीत निवडले. पुढे त्यांनी विद्यापीठात प्रशासक म्हणून काम केले, पण निकोडेमसची घरची शेती सोडली नाही. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. सरकारी दर्जाने पाच जुन्या इमारती जपल्या, संशोधकांना काम दिले, महामार्गावरून जाणाऱ्यांना थांबायला कारण दिले. जमीन कसणारा माणूस मात्र त्या दर्जातून निर्माण होत नाही, तो घरातूनच यावा लागतो.

आमच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसे आणि कुलूपबंद घरे वाढत चालली आहेत, त्यावर बोलताना आम्ही पाणी आणि भाव एवढ्यावरच थांबतो. निकोडेमसच्या वंशजांनी आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी लिहून घेतल्या, ध्वनिमुद्रित केल्या, जमिनीचे जुने कागद आणि चर्चच्या वह्या जपल्या. विलियाना हिकमन यांचे अश्रू आज आपल्यापर्यंत आले ते कोणीतरी त्यांना विचारून लिहून ठेवले म्हणून. आमच्याकडे १९७२ मध्ये कोणत्या तलावावर कोणाच्या आईने किती मजुरीवर माती वाहिली, कोणते घर कोणत्या साली भिवंडीला किंवा पुण्याला गेले, कोणाची जमीन कोणाच्या कर्जात गेली, हे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत. येत्या यात्रेला सगळे गावी जमतील तेव्हा एक वही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवावी आणि प्रत्येक घराने आपापले पान लिहावे, असा प्रस्ताव मी आमच्या यात्रा समितीपुढे मांडला आहे. समितीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात करण्याचे कबूल केले आहे, आणि गावातल्या शिक्षिकाबाईंनी ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे सांगणे मुलांकडून लिहवून घेण्याची जबाबदारी घेतली आहे.